वाशीमच्या आसपास जुने मोठे गिअर कुठे मिळतात आणि ते कसे पारखावेत?

हळद पॉलिश करण्याचा ड्रम किंवा खत मिसळण्याचे यंत्र घरच्या शेडमध्ये बनवायचे म्हटले, तर पत्रा, अँगल, मोटार यांची सोय तालुक्याच्या गावी होते. काम अडते ते मोठ्या दातेरी चाकावर. दोन फूट व्यासाचा गिअर नवा कापून देणारे मशीन प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसते आणि त्याची मजुरी बाकीच्या यंत्राच्या खर्चाला मागे टाकू शकते. म्हणून कमी पैशांत काम करणारे जुना गिअर शोधतात. मात्र भंगारात आलेला माल फार दिवस थांबत नाही. लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांकडे जाते, तर बिडाचे मोठे चाक गाडीत बसावे म्हणून घणाने फोडले जाते. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण यंत्रांच्या बाबतीत त्याचा ओढा अजून अकोल्याकडेच आहे. तिथल्या डाळ मिल, तेल गिरण्या आणि एमआयडीसीतून जुनी यंत्रे निघत असतात. जिल्ह्यात कारंजा ही कापसाची जुनी पेठ. केंद्र सरकारने 2000 साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण हा एक मोठा भाग होता. अशा वेळी बदललेली जुनी यंत्रे कुठे पडून आहेत, याची माहिती जिनिंगमधल्या जुन्या फिटरला विचारली तर लवकर मिळते. बंद पडलेली तेलघाणी आणि रसवंतीचा चरक हेही बिडाच्या गिअरचे चांगले ठिकाण.

ड्रमसाठी सर्वांत सोयीचा स्रोत म्हणजे काँक्रीट मिक्सर. त्याच्या ड्रमभोवती तुकड्यांत बोल्ट केलेली दातेरी कडी असते. पत्रा सडून मिक्सर मोडीत निघतो, कडी मात्र पुष्कळदा धड असते. ती घेताना पिनियन, त्याचा शाफ्ट आणि बेअरिंग एकत्रच मागावे. ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा क्राउन-पिनियन सुटा घेऊ नये. त्याची बैठक अगदी अचूक लागते, त्यामुळे पूर्ण डिफरन्शियल हाउसिंगसकट घ्यावे. आतली स्पायडर गिअरची जोडी वेल्ड करून बांधली की एका बाजूच्या अ‍ॅक्सलवरून काम घेता येते. न बांधता एक बाजू नुसती रोखली, तर दुसरी दुप्पट वेगाने फिरते.

आता माप. जोडी जुळण्यासाठी दोन्ही गिअरचे मॉड्यूल एकच हवे. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि दात्यांच्या संख्येत 2 मिळवून त्याने भागायचे. 80 दात्यांच्या सरळ दाती गिअरचा व्यास 328 मिमी असेल, तर 328 भागिले 82, म्हणजे मॉड्यूल 4. उत्तर 4.23 असे वेडेवाकडे आले तर गिअर टाकाऊ ठरवण्याची घाई नको. जुन्या विलायती यंत्रांचे गिअर इंची मापाचे, म्हणजे डीपीचे असतात. 25.4 भागिले 4.23 केले की 6 डीपी निघते. अशा चाकाला मॉड्यूल 4 चा पिनियन लावला तर हाताने फिरवताना तो बसल्यासारखा वाटतो आणि लोडवर दाते खातो. दात्यांचा कोनही जुळावा लागतो. जुन्या गिअरमध्ये तो बऱ्याचदा साडेचौदा अंश असतो, आजच्यात 20.

पारख करताना चाक दोरीला टांगून हलक्या हातोडीने वाजवावे. सलग नाद आला तर बहुधा धड, आवाज बसका आला तर तडा शोधावा. शंका असलेल्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावून थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि खडूची पूड फासावी. तडा असेल तर ओली रेघ उमटते. आरे आणि चावीची खाच जिथे हबला मिळते, ती जागा आधी पाहावी.

झिजलेल्या दात्यांना घाबरण्याचे कारण नेहमीच नसते. मोठ्या चाकाचा प्रत्येक दाता पिनियनच्या दात्यापेक्षा कमी वेळा भिडतो, म्हणून पिनियन संपला तरी चाक चालते. शिवाय एकाच दिशेने फिरलेल्या गिअरची झीज दात्याच्या एकाच बाजूवर असते. हब दोन्हीकडून सारखा असेल तर चाक उलटे बसवावे, कोरी बाजू कामाला येते. नवा छोटा पिनियन मात्र त्याच मापाचा कापून घ्यावा. बिडाचा तुटलेला दाता पितळी ब्रेझिंगने भरता येतो, पण हलक्या आणि सावकाश कामासाठीच.

वेगाचा हिशेब सोपा आहे. 1440 फेऱ्यांची मोटार, पट्ट्याने 5 पट घट, मग 12 दात्यांचा पिनियन आणि 120 दात्यांची कडी: ड्रम मिनिटाला सुमारे 29 फेरे घेतो. हळदीच्या ड्रमला असाच संथ वेग लागतो.

सौदा किलोवर होतो, तेव्हा वजनाचा अंदाज असावा. 600 मिमी व्यासाचे, 80 मिमी जाडीचे भरीव बिडाचे चाक सुमारे 163 किलो भरते. आऱ्यांचे त्याहून बरेच कमी. वापरण्याजोग्या मालाला भंगारापेक्षा चढा भाव मागितला जातो आणि तो वाजवीही आहे. पावती मात्र घ्यावीच. बंधाऱ्याच्या दारांचे किंवा पाणीपुरवठ्याचे वाटणारे गिअर विनापावती घेतले आणि ते चोरीचे निघाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 चा प्रश्न उभा राहतो.

यंत्र उभे राहिल्यावर राहते ती जाळी. मिक्सरची कडी मूळ यंत्रात बरीचशी उघडी असते आणि हळदीच्या कामावर पदर, ओढणी, रुमाल सगळेच ड्रमजवळ येतात. दाते भिडतात त्या जागी तरी पत्र्याचे झाकण बोल्टने बसवावे आणि ग्रीससाठी त्याला एक भोक ठेवावे, म्हणजे ते काढून ठेवण्याचे निमित्त उरत नाही.