एक्झॉस्टची पट्टी: उष्णता कोंडण्याचा इतिहास

शर्यतीच्या गाडीचे बॉनेट उघडले की हेडरच्या नळ्यांवर जाड पट्टी गुंडाळलेली अनेकदा दिसते. ही पट्टी उष्णता नाहीशी करत नाही, नळीच्या आत कोंडते. तिचे फायदे आणि तोटे दोन्ही यातूनच निघतात.

कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनात दर फेरीला सिलिंडर थंड होई आणि पुन्हा तापवावा लागे. इंधनाची ती मोठी उधळपट्टी होती. जेम्स वॅटने १७६९ च्या पेटंटात सिलिंडर वाफेइतकाच गरम राहावा, त्यासाठी त्याभोवती लाकडाचे किंवा उष्णता सावकाश वाहून नेणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचे वेष्टण असावे, असे मांडले. अशा वेष्टणाला पुढे लॅगिंग हे नाव मिळाले. लॅग म्हणजे पिंपाची फळी.

वाफेचे तापमान वाढत गेले तसे लाकूड अपुरे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते जळत नाही आणि विणता येते, त्यामुळे जहाजांपासून गिरण्यांच्या बॉयलरपर्यंत सगळीकडे पसरले. मोटारींच्या एक्झॉस्टवरही त्याचीच दोरी आणि पट्टी चढली. नळ्या सुरक्षित राहिल्या, पण तंतू कामगारांच्या फुप्फुसांत गेले. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये ऐन तिशीत वारली. मालकांनी भरपाई नाकारली होती. डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांनी तिच्या फुप्फुसांचा अहवाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला आणि १९३१ मध्ये ब्रिटनने धुळीबाबत नियम केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवण्याचा आदेश त्यात आहे.

आजच्या पट्ट्या काचतंतूंच्या किंवा बेसाल्टच्या असतात. (ज्याचा सह्याद्री बनला तोच हा खडक, वितळवून धागा काढलेला.) गुंडाळल्यावर बॉनेटखालची हवा थंड राहते, वायरी आणि रबरी नळ्या टिकतात, टर्बोपर्यंत वायूची ऊर्जा जास्त पोचते. टर्बो नसलेल्या रोजच्या गाडीत शक्ती वाढेल या आशेने मात्र पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. भार शेवटी धातूवर येतो. बाहेर जाणारी उष्णता अडल्याने नळीचे तापमान चढते, साध्या पोलादावर खपली धरते, वेल्डच्या जागी तडे जातात. पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते आणि आतल्या आत गंज चढतो. तेल मुरले तर तीच पट्टी वात बनून पेट घेऊ शकते.

जहाजांवर हिशेब वेगळा आहे. इंधन फुटून उडाले तर पेटू नये म्हणून २२० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकणारे असे पृष्ठभाग झाकणे सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार सक्तीचे आहे. मोटार कंपन्या बहुधा पत्र्याची ढाल किंवा मध्ये हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी नळी वापरतात. तिथे ओल साठत नाही.

वर्कशॉपमध्ये जुने इंजिन खोलताना करडी दोरी किंवा पट्टी आढळली, तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची आहे की काचेची हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. तिच्यावर तारेचा ब्रश चालवू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. हात न लावता आधी प्रयोगशाळाप्रमुखांना दाखवा.