घंटा आधी कुणाला ऐकू येते?

मंडळी, आज रेडिओच्या इतिहासातली एक उलटी झालेली गोष्ट सांगतो.

३१ डिसेंबर १९२३ च्या मध्यरात्री बीबीसीने लंडनच्या बिग बेनचे ठोके प्रथम ऐकवले. पाठोपाठ ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रिनिच वेधशाळेचे सहा 'पिप' सुरू झाले. सहावा पिप वाजला की तास भरला. लोक त्यावर घड्याळं लावत.

१९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस लघुलहरींवर सुरू झाली आणि मोठी गंमत झाली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, रेडिओलहरी तीन लाख किलोमीटर! बिग बेनपासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला ठोका पाव सेकंदाहून उशिरा ऐकू येणार. पण घंटेजवळच्या मायक्रोफोनमधून निघालेला तोच ठोका ७,२०० किलोमीटरवरच्या मुंबईत सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागात पोचणार. म्हणजे मुंबईकर आधी, लंडनकर नंतर!

१९९५ मध्ये बीबीसीचा डिजिटल रेडिओ आला आणि पिप दोनेक सेकंद उशिरा येऊ लागले. लहरींचा वेग तोच आहे, मग उशीर कुठे होतो? यंत्राच्या आत. आवाजाचे आकडे करायचे, ते आटोपशीर करायचे, रेडिओने ते साठवून पुन्हा जुळवायचे. या साठ्याला बफर म्हणतात. नळाचं पाणी कमीजास्त येतं म्हणून आपण गच्चीवर टाकी बांधतो, तसंच हे. टाकी लहान असेल तर आवाज तुटतो, मोठी असेल तर उशीर वाढतो.

१९९२ मध्ये जोसेफ मिटोला यांनी 'सॉफ्टवेअर रेडिओ'वर निबंध वाचला. पुढे रेडिओचं पुष्कळसं काम संगणकच करू लागला. पण संगणकाला एकाच वेळी दहा कामं, म्हणून टाकी हवीच. सेकंदाला ४८,००० आकडे येत असतील आणि टाकी ४,८०० आकड्यांची असेल, तर ती भरेपर्यंतच सेकंदाचा दहावा भाग जातो. अशा टाक्या एकापुढे एक असतात. मोर्स पाठवणाऱ्या हौशी माणसाला स्वतःचीच टिकटिक मागून ऐकू आली तर त्याचा हात अडखळतो.

आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली, हे चांगलंच. पण सगळ्यांचं 'आत्ता' एकच होतं, ते मात्र गेलं. स्वयंपाकघरातला जुना रेडिओ आणि दिवाणखान्यातला डिजिटल एकाच वेळी लावा, तास दोनदा भरतो!

असो. घड्याळ लावायचं असेल तर डिजिटल रेडिओवर विसंबू नका.