सोंगातला आंधळा, मंचावरचा कलावंत

बारामती तालुक्यात कऱ्हेच्या काठी वसलेले मोरगाव हे अष्टविनायकांच्या यात्रेतले पहिले स्थान. मयूरेश्वराचे देऊळ लहानशा गढीसारखे आहे: भोवती उंच तट, चार कोपऱ्यांवर मिनार, समोर नगारखाना आणि गणपतीच्या देवळापुढे सहसा न दिसणारा भलामोठा नंदी. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी येथे येते. या पालखीमागची परंपरागत कथा शरीर थकलेल्या एका भक्ताची आहे. मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावची वारी करीत. म्हातारपणी पाय साथ देईनात, तेव्हा कऱ्हेत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत गणपतीची मूर्ती आली आणि देवच त्यांच्याबरोबर चिंचवडला गेला, असे सांगतात. ज्याला देवापर्यंत पोचता येत नाही, त्याच्याकडे देवाने जावे, हा या कथेचा गाभा.

मोरगावहून जवळच खंडोबाची जेजुरी. या पट्ट्यातल्या देवस्थानांच्या जोरावर वाघ्या-मुरळी, गोंधळी, वासुदेव आणि भारुडकरी यांची पोटे चालली. पण देवळाच्या आवारात माणसांच्या जागा ठरलेल्या असत. जागरण-गोंधळ घालणारा देवापुढे उभा राही. आंधळा, पांगळा किंवा महारोगी पायरीवर बसे. त्यालाही गाता येई, पण त्याच्या गाण्याला कला म्हणत नसत, याचना म्हणत. पायरीपासून मंचापर्यंतचे हे अंतर कापायला मराठी मुलखाला काही शतके लागली.

गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की मराठी लोककलावंतांच्या दोन जमातींच्या नावांचाच अर्थ ‘लंगडा’ असा आहे. एक पांगुळ. पांगुळ पहाटे, उजाडण्यापूर्वी, झाडावर किंवा उंच जागी बसून देवांची नावे पुकारतो आणि स्नानाला निघालेल्यांकडे दान मागतो. सूर्याचा सारथी अरुण पुराणांत मांड्यांवाचून जन्मलेला, म्हणून पांगळा. त्याचा हा प्रतिनिधी सूर्याआधी येतो, अशी समजूत. ज्ञानेश्वरांच्या अभंगांतही पांगुळाचे रूपक आहे, म्हणजे तेराव्या शतकातल्या श्रोत्याला ही हाक ओळखीची होती.

दुसरे हेळवी. हे दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवर फिरणारे वंशावळ सांगणारे लोक. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता आणि त्याला बसायला बैल मिळाला, अशी त्यांची कथा. हेळवी गावात शिरे तो बैलावर बसून, दोन्ही पाय गोधडीखाली झाकलेले. पाय धडधाकट असले तरी झाकायचेच, कारण ते झाकलेले पाय हीच त्याच्या विद्येची ओळख होती. वाड्यापुढे बैल थांबवून तो त्या घराण्याचे पणजोबा-खापरपणजोबा, सोयरिकी आणि गावे सोडून गेलेले भाऊबंद ओळीने सांगे. लंगडेपण येथे लाजेचे कारण नव्हते. ते वारशाने आलेल्या अधिकाराचे चिन्ह होते. मात्र ते चिन्ह धारण करणारा माणूस बहुधा लंगडा नसे, हेही तितकेच खरे.

हाच गुंता सोळाव्या शतकात भारुडात अधिक खोल गेला. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) गावगाड्यातली माणसे भारुडात आणली: जोशी, गोंधळी, वासुदेव, महार, आणि त्यांच्याच रांगेत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका. सोंगी भारुडात हे पात्र प्रत्यक्ष उभे राहते. मागे टाळकरी आणि मृदंग. एक जण डोळे मिटून, काठी टेकत, धोतराचा सोगा सावरत रिंगणात येतो. हात पसरून तो आपली हकिगत सांगू लागतो, आणि हसणाऱ्या माणसांच्या लक्षात हळूहळू येते की हकिगत आपलीच आहे. हरिकथा ज्याच्या कानावरून गेली नाही तो बहिरा. विद्येच्या ताठ्यात संतांची निंदा करणारा पंडित मुका. डोळे असून ज्याला दिसत नाही तो आंधळा. गावातल्या सर्वांत खालच्या पायरीवर बसलेल्याच्या तोंडून गावातल्या मानकऱ्याला सुनावण्याची ही युक्ती फार धाडसाची होती.

तरीही तिची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. रूपक उलटून ऐकले की वाणी गेली ती निंदेमुळे, डोळे गेले ते पापामुळे, असा अर्थ निघतो. पूर्वजन्मीच्या कर्माची समजूत आधीच घट्ट होती, ती अशा सोंगांनी आणखी घट्ट केली. शिवाय आंधळ्याचे सोंग डोळसानेच आणायचे हा रिवाज पडला. आंधळा रिंगणात आला तो अनुभव म्हणून नव्हे, दृष्टांत म्हणून.

खरा आंधळा आत शिरला तो गाण्याच्या वाटेने. हरिदासी कीर्तन, भजन आणि रागसंगीत या तिन्ही विद्या तोंडी चालत. गुरूने म्हणायचे, शिष्याने उचलायचे. पोथी वाचता येत नसली तरी अडत नसे. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव विष्णू दिगंबर पलुसकरांचे. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या या कीर्तनकाराच्या मुलाच्या तोंडाजवळ लहानपणी फटाका उडाला आणि दोन्ही डोळ्यांना कायमची इजा झाली. शाळा सुटली. दुसरे काही जमणार नाही म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकायला पाठवले. डोळे शाबूत राहिले असते तर हा मुलगा गवई झाला असता की नाही, सांगता येत नाही. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत. संस्थानिकांच्या दरबारात आणि घराण्यांच्या कडीकुलपात असलेले गाणे त्यांनी फी भरून शिकता येईल असे केले आणि त्यासाठी स्वरलिपी तयार केली. अधू दृष्टीच्या माणसाने कानाची विद्या कागदावर आणली. पुढे त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी १९३१ मध्ये देह ठेवीपर्यंत गाणे आणि रामकथा थांबली नाही. पलुसकरांचा गौरव करताना त्यांचे अंधत्व एका वाक्यात उरकले जाते. त्यांच्या कामाची दिशा मात्र तिथूनच सुरू होते.

ज्यांना मिरज आणि बाळकृष्णबुवा लाभणार नव्हते, त्यांच्यासाठी याच काळात शाळा निघाल्या. १८९९–१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली अंध मुले मुंबईत आली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. दोन वर्षांनी ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली आणि १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा. वेतकाम आणि संगीत हे या शाळांचे मुख्य विषय. पुढे संगीताच्या परीक्षा देऊन कित्येक अंध विद्यार्थी गायनशिक्षक आणि तबलजी झाले. पण अंधाला संगीतच जमते, ही नवी चौकटही याच शाळांतून तयार झाली. नाटक, नृत्य, लेखन या वाटा बंदच राहिल्या. मूकबधिरांचा तर विचारच नव्हता, कारण मराठी रंगभूमी आधी गाण्याची आणि मग संवादाची, म्हणजे दोन्ही वेळा कानाची.

मधल्या काळात कायद्याने उलट पाऊल टाकले. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा सार्वजनिक जागी गाणे म्हणून, नाचून, खेळ करून वा भविष्य सांगून पैसे मागणे यालाही भीक ठरवतो, आणि दान मिळवण्यासाठी व्यंग दाखवणे यालाही. पांगुळ, वासुदेव आणि देवळाच्या पायरीवर गाणारा आंधळा हे तिघेही एकाच व्याख्येत गुन्हेगार झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची बरीच कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. 

अंधाला संगीतच जमते ही चौकट मोडली ती नाटकवाल्यांनी. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास स्वागत थोरात यांनी ८८ अंध कलाकारांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक बसवले. याच थोरातांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले आणि पुढे अंध कलाकारांचे ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले. अंध नट मंचावर वावरतो तो पावले मोजून, पायाखालच्या पृष्ठभागाचा अंदाज घेऊन आणि सहकलाकाराचा आवाज कुठून येतो ते टिपून. डोळस नटाला जे एकदा दाखवून भागते, ते येथे महिनोन्‌महिने अंगात मुरवावे लागते. एकनाथांच्या रिंगणात डोळस माणूस डोळे मिटून येत होता. येथे मिटलेल्या डोळ्यांचा माणूस कालिदासाच्या ढगांचा रंग सांगू लागला.

दुसरे काम वरोऱ्याच्या आनंदवनात झाले. बाबा आमटे यांच्या या वसाहतीत डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. त्यात अंध गायक, मूकबधिर नर्तक, अस्थिव्यंग असलेले वादक आणि कुष्ठरोगातून बरे झालेले लोक एकत्र आले. गावोगावच्या प्रेक्षकांनी तिकीट काढून त्यांना ऐकले. पायरीवरच्या वाडग्यात नाणे टाकणारा आणि हे तिकीट घेणारा एकच माणूस असू शकतो. पण दुसऱ्या वेळी तो दान देत नाही, दाम मोजतो.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने दुसऱ्याच वर्षी मान्यता दिली. त्यावर आधारलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. या कायद्याचे २९ वे कलम कलेविषयी आहे. दिव्यांग कलावंत व लेखकांना साहाय्य, कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची फेररचना, आणि दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांच्या राज्य मानधन योजनेत २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वयाची अट ५० वर्षांची आहे, दिव्यांग कलावंतांसाठी ४०.

योजनेचा कागद गावच्या यात्रेपर्यंत पोचायला मात्र यात्रा समित्यांनीच पुढे यायला हवे. भारुडाच्या रात्री आंधळ्याच्या भूमिकेला गावातल्याच अंध गायकाला बोलवावे, व्हीलचेअर वर जाईल असा उतार मंचाला लावावा, खुणांच्या भाषेत भाषांतर करणारा मंचाच्या कडेला उभा करावा. आणि बिदागीच्या यादीत त्या गायकाचे नाव इतरांच्या रांगेत, इतरांइतक्याच रकमेपुढे लिहावे.