इंटरप्ट-मार्गांचे दोष आणि त्यांचे निदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाच्या अंगाने लिहिला जातो. यंत्रांतील दोष व त्यांच्या निदानाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात व्यक्तिगत संगणकातील इंटरप्ट-मार्गांच्या दोषांचा कालक्रमाने आढावा घेतला असून, कालांतराने हे दोष तारांपेक्षा नोंदींचे अधिक झाले, असे प्रतिपादन केले आहे.

कळफलक, डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत देतात त्यास इंटरप्ट म्हणतात. संकेत कोणत्या मार्गाने आला यावरून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल, कोणत्या उपकरणाची दखल घ्यावयाची हे ठरवितो. या यंत्रणेविषयीची चिंता जुनी आहे. १९५७ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांच्यापुढे 'एक्स-१' या संगणकासाठी इंटरप्टची कल्पना मांडली गेली, तेव्हा ते धास्तावले होते. संकेत केव्हा येईल हे निश्चित नसल्याने घडलेली चूक पुन्हा घडवून दाखविता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

टंचाईचा काळ :
१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ८२५९ या चिपद्वारे केवळ ८ मार्ग उपलब्ध होते. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरी चिप जोडण्यात आली. परंतु एक मार्ग त्या जोडणीतच खर्ची पडल्याने प्रत्यक्षात १५ मार्ग उरले. एक मार्ग दोन कार्डांना सहसा वाटून घेता येत नसे. त्यामुळे कार्डावरील जंपर हलवून प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागे. या काळातील दोष उघड होता : दोन कार्डांचा क्रमांक एकच असे, व तो बदलला की दोष दूर होई.

सामायिक मार्ग आणि तक्ते :
१९९२ च्या पीसीआय मानकाने एकच मार्ग अनेक उपकरणांनी वापरण्यास मुभा दिली. टंचाई कमी झाली, परंतु कोणती तार कोठे पोहोचते हे आता कर्नलला बायोसच्या तक्त्यावरूनच समजू लागले. १९९४ मध्ये इंटेलचे बहुप्रोसेसर मानक आणि १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांचे एसीपीआय मानक आले. प्रत्येकाने मार्गांच्या नोंदीची आपापली रीत घालून दिली. परिणामी, एकाच मदरबोर्डाविषयी दोन-तीन तक्ते असत आणि त्यांत एकवाक्यता असेलच असे नसे. विंडोजवर यंत्र सुरळीत चालले की तक्त्यातील चूक लपून राही. लिनक्सवर मात्र ती उघडी पडे.

निदानाची पद्धती :
या दोषाची लक्षणे दोन प्रकारची होती. पहिल्यात उपकरण संकेत देई, पण कर्नल भलत्याच मार्गावर वाट पाहत राही. दुसऱ्यात, ज्या मार्गावर कोणीही दखल घेणारा नाही तेथे संकेतांचा पूर लोटे. अशा मार्गावरील १,००,००० संकेतांपैकी ९९,९०० हून अधिक संकेत बेवारस आढळल्यास, कोणीच दखल घेतली नाही अशी नोंद करून लिनक्स कर्नल तो मार्ग बंद करतो. त्या मार्गावरील निर्दोष उपकरणेही त्याबरोबर निकामी होतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मार्गावरील संकेतांची मोजणी पाहणे. उपकरण वापरात असताना त्याच्या मार्गावरील आकडा स्थिर राहिला आणि दुसऱ्याच मार्गावरील वाढत गेला, तर मार्गाची नोंद चुकीची असल्याचा संशय बळावतो. त्यानंतर 'पीसीआय=नोएसीपीआय', 'नोएपिक' असे पर्याय एकेक देऊन यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. ज्या तक्त्याचा वा यंत्रणेचा आधार वगळल्यावर उपकरण चालू लागते, तेथे दोषाचे मूळ शोधावयाचे. हे पर्याय निदानापुरतेच योग्य होत. खरा उपाय म्हणजे बायोसची सुधारित आवृत्ती, किंवा त्या मदरबोर्डापुरता कर्नलमध्ये केलेला अपवाद.

इतिहासाच्या अभ्यासकास ही पद्धती अपरिचित वाटू नये. अधिकृत नोंद केवळ अधिकृत आहे म्हणून ग्राह्य न धरता ती स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहणे, हेच साधनचिकित्सेचेही सूत्र आहे.

समारोप :
१९९८ च्या पीसीआय २.२ आवृत्तीत स्वतंत्र तारेऐवजी संदेशरूपाने संकेत देण्याची सोय झाली. पुढे पीसीआय एक्सप्रेसमुळे ही रीत रुळली आणि वाटून घ्यावयाच्या तारांचा प्रश्न बहुतांशी मागे पडला. तथापि या इतिहासाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. नोंद चुकल्याने अनेकदा निर्दोष उपकरणावर ठपका येत असे. दोषी ठरविण्यापूर्वी नोंद तपासावी, हा या आढाव्याचा निष्कर्ष होय.