माळ, माळढोक आणि माणसे

मराठी कवितेत नदीला, डोंगराला, पावसाला जेवढी जागा मिळाली तेवढी माळाला मिळालेली नाही. माळ आलाच तर 'उजाड', 'ओसाड', 'भकास' यांपैकी एखादे विशेषण त्याच्या सोबतीला असते. आम्ही सोलापुरात मराठी शिकवतो. वर्गात 'माळ' हा शब्द उच्चारला की विद्यार्थीही हीच विशेषणे सांगतात. ही सवय केवळ साहित्याची नाही. सरकारी दप्तरातही गवताळ जमीन बहुधा 'पडीक' याच सदरात गेली. या शब्दाची किंमत काय असते, ते नान्नजच्या माळाच्या इतिहासातून कळते.

सोलापूरजवळचा हा माळ ओसाड कधीच नव्हता. कमी पावसाच्या, मुरमाड, उथळ जमिनीत दाट झाडी वाढत नाही. ते तिचे वैगुण्य नव्हे, तिची प्रकृती आहे. कुसळी, मारवेल यांसारखी गवते, त्यांच्या आधाराने राहणारी काळविटे, लांडगे आणि माळढोक असा तो भरलेला संसार होता. माणूसही त्यात होता. धनगरांचे कळप माळावर चरत. सुगी संपली की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. शेताला खत मिळे, धनगराला धान्य. माळढोकही ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत हिंडून टोळ-किडे टिपत असे. शेत आणि माळ यांच्यामधली रेघ त्याला ठाऊक नव्हती.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून येथे काही पट्टे राखले गेले. चराईला विश्रांती मिळताच गवत पुन्हा उभे राहिले. त्याच दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मात्र 'पडीक' जमीन हिरवी करायची म्हणजे झाडे लावायची, हा समजही कार्यक्रमांतून आला. गिरिपुष्पासारखी परकी झाडे गवतात रोवली गेली. उघड्यावर अंडे घालणाऱ्या आणि दूरवरून शत्रू हेरणाऱ्या पक्ष्याला ती हिरवाई म्हणजे अडथळाच होता.

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौ. कि. मी. क्षेत्र त्यात आले. त्यात वनजमीन थोडी होती. शेती, वाड्या, गावे, रस्ते हेच अधिक. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या पक्ष्याने पिढ्यान्‌पिढ्या कुणाचे काही बिघडवले नव्हते, तो शेतकऱ्याच्या बोलण्यात अडचणीचे कारण होऊन बसला. पक्ष्याविषयीचा हा राग मुळात त्याच्यावरचा नव्हताच. नकाशा आखताना आपल्याला कुणी विचारले नाही, याचा तो होता. २०१२ च्या सुमारास क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि. मी.पर्यंत आणले गेले. तोवर माळ बराच तुटला होता. विहिरी-बोअरच्या पाण्यावर ऊस-द्राक्षे आली होती आणि वीजवाहिन्या उभ्या राहिल्या होत्या. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याला झालेली हानी भरून काढण्यास उसंत मिळत नाही. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

मग या इतिहासातून हाती काय उरते? माणसांना वगळून माळ राखता येत नाही, हे एक. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनविभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. तेथे गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात. माळ टिकण्यात गावाचाही वाटा आणि लाभ आहे, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. नान्नजला असा विचार ३०-३५ वर्षे आधी व्हायला हवा होता.

दुसरे आम्हा भाषेच्या लोकांकडे येते. चराऊ रान, गायरान, कुरण, माळ हे आपल्याच भाषेतले शब्द जमिनीचा वापर आणि तिच्याशी असलेले माणसाचे नाते सांगतात. 'पडीक' हा शब्द ते नाते पुसून टाकतो. पुढच्या वर्षी वर्गात 'माळ' शब्द आला, की विशेषणांची यादी घेण्याआधी विद्यार्थ्यांना एकदा नान्नजला घेऊन जावे, असे आम्ही ठरवले आहे. पावसाळ्यानंतर, गवत गुडघ्याएवढे असताना.