सातवीण

सातवीण : महाविद्यालये, विद्यापीठे आणि सरकारी वसाहतींच्या आवारांत सर्रास लावला जाणारा सदाहरित वृक्ष. शहरांत सप्तपर्णी हे नाव जास्त चालते. संस्कृतात सप्तपर्ण किंवा सप्तच्छद, बंगालीत छातिम, तुळूत पाले. शास्त्रीय नाव ॲल्स्टोनिया स्कोलॅरिस, कुल ॲपोसायनेसी. कण्हेर, तगर, चाफा, करवंद आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हमखास टेबलावर येणारी सदाफुली ही याच कुळातली. प्रसार भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडपर्यंत. कोकणात आणि सह्याद्रीच्या दमट रानांत ती आपसूक उगवते.

आवारातल्या बहुतेकांना ही फक्त वासावरून माहीत असते, तीही वर्षातून महिनाभर. खरे तर ती बाराही महिने ओळखता येते. फांद्या खोडाभोवती एकाच पातळीवर चहूबाजूंनी फुटतात, मग बरेच अंतर सोडून पुढचा थर. त्यामुळे कोवळे झाड मजल्यामजल्यांचे दिसते. पानांचीही तीच तऱ्हा. एका पेरावर चार ते सात, क्वचित अधिक पाने गोलाकार लागतात. प्रत्येक वेळी सात भरतीलच असे नाही. सावरीचे संयुक्त पानही लांबून असेच वाटते, पण तिथे सगळ्या पर्णिका एकाच लांब देठाच्या टोकाला जुळलेल्या असतात आणि हिवाळ्यात पानगळ होते. सातविणीचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे डहाळीला चिकटलेले. ते हातात घ्यावे : वरून गडद, तकतकीत, खालून फिकट, पांढुरके. मधल्या शिरेपासून निघालेल्या पुष्कळ बारीक शिरा जवळजवळ काटकोनात कडेपर्यंत जातात आणि कडेलगतच्या एका शिरेला मिळतात. देठ मोडला की पांढरा चीक येतो.

पुष्कळ झाडांची पाने चामखिळींसारख्या गाठींनी भरलेली दिसतात. हा रोग समजून काही ठिकाणी झाडावर फवारणी होते. या गाठी पॉरोप्सिला ट्युबरक्युलाटा या चिमुकल्या रसशोषक कीटकाची घरे आहेत. त्याची पिल्ले आत वाढतात आणि गाठ उकलली की प्रौढ कीटक बाहेर पडतात. पाने विद्रूप होतात, पण मोठे झाड सहसा त्याला दाद देत नाही.

पावसाळा सरला की फांद्यांच्या टोकांना हिरवट-पांढऱ्या बारीक फुलांचे गेंद येतात. फूल जेमतेम सेंटिमीटरभर, पण लाखोंच्या संख्येने. वास संध्याकाळनंतर चढतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात तो हत्तीच्या मदासारखा म्हटला आहे आणि त्या वासाने जणू ईर्ष्येला पेटून रघूचे हत्ती सात ठिकाणांहून मद गाळू लागतात. वसतिगृहाच्या खिडकीशी सातवीण असलेल्या मुलांना या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही. काहींना तो आवडतो, काहींचे डोके धरते, दम्याच्या तक्रारीही होतात. हनोईत हे झाड शरद ऋतूची खूण मानले जाते. तरी दाटीने लावल्यावर लोक वैतागले आणि महापालिकेला काही झाडे कचरा डेपोवर हलवावी लागली. दोष झाडाचा कमी, लावणाऱ्याचा जास्त. भराभर वाढते आणि सावली दाट देते, म्हणून नगररचनाकार अख्खी रांग लावून मोकळे होतात. मैदानाच्या कडेला एखादी सातवीण शोभते. वर्गखोल्यांना लागून वीस नकोत.

फुलांनंतर चवळीच्या शेंगांसारख्या लांब, बारीक शेंगा जोडीजोडीने लोंबतात. त्या उकलल्या की दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुबके असलेल्या बिया वाऱ्यावर जातात. गच्चीच्या भेगेत रोप उगवते ते यामुळेच.

शाळा-कॉलेजशी हिचे नाते जुने. लाकूड मऊ, हलके, पांढरट. त्याच्या लिहिण्याच्या पाट्या होत, म्हणून लिनियसने 1767 मध्ये नाव देताना ‘शाळेची’ या अर्थाचे विशेषण जोडले. पुढे रॉबर्ट ब्राउनने एडिंबरा येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स ॲल्स्टन यांच्या स्मरणार्थ प्रजातीचे नाव ठेवले. शांतिनिकेतनची जागा देवेंद्रनाथ ठाकुरांना आवडली ती छातिमच्या सावलीत. ते स्थान आज छातिमतला म्हणून ओळखले जाते. विश्वभारतीच्या पदवीदानात स्नातकांना सातविणीची पाने देण्याची प्रथा आहे. पश्चिम बंगालचा हा राज्यवृक्ष.

साल कमालीची कडू. आयुर्वेदात ती तापावर सांगितली आहे आणि हिवतापासाठी तयार झालेल्या ‘आयुष-64’ या औषधात कुटकी, चिराईत व लताकरंजाबरोबर तीही आहे. मंगळूर-उडुपीकडच्या तुळू भागात आटी अमावास्येला पहाटे, लोखंड न लावता, दगडाने ही साल ठेचून काढतात आणि तिचा काढा घरातले सगळे रिकाम्या पोटी घेतात. अंधारात झाड चुकून काजऱ्याची साल आणल्याने विषबाधा झाल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. काजऱ्याला चीक नसतो आणि त्याची पाने समोरासमोर, जोडीने येतात.