घराखालचा नळ

राजवाडे, किल्ले आणि देवालयें यांचा इतिहास लिहिणारांची कधींच वाण पडली नाहीं. घरांत काय आलें, काय शिजलें आणि काय साठविलें, याचेंही टिपण कोठें ना कोठें सांपडतें. परंतु घरांतून बाहेर काय गेलें आणि तें कोणत्या वाटेनें गेलें, हा प्रश्न विचारणें बहुतेक इतिहासकारांस अप्रशस्त वाटलें असावें. वास्तविक समाजाच्या आरोग्याचा आणि नीतीचाही कस पाहावयाचा असेल, तर घराच्या दर्शनी दरवाजापेक्षां परसांत पुरलेला नळ अधिक खरी साक्ष देतो. प्रस्तुत लेखांत त्या साक्षीचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील सुखवस्तु घरांखालींही विटांनीं बांधलेलीं, रुंद व सपाट तळाचीं गटारें असत. पाणी तळभर पसरे, त्याचा वेग मंदावे आणि घाण जागच्या जागीं बसे. एड्विन चॅडविक यानें १८४२ सालीं श्रमजीवी वर्गाच्या आरोग्यस्थितीवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. पुढें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं असा आग्रह धरिला कीं, गटार मोठें असण्यांत शहाणपण नाहीं. लहान, गोल व गुळगुळीत नळास बेताचा उतार दिला म्हणजे थोडें पाणीही घाण वाहून नेतें. हेन्री डौल्टन यानें १८४६ सालीं लँबेथ येथें झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या नळांचा कारखाना काढला, तो या मताच्या पाठोपाठच. चार इंची नळास चाळीस फुटांत एक फूट उतार, हा ठोकताळा पुढें रूढ झाला.

तथापि नळ घातला म्हणजे काम संपलें, ही समजूत लवकरच महागांत पडली. १८७१ सालीं इंग्लंडचा युवराज स्कारबरो येथील एका उमरावाच्या वाड्यांत पाहुणा म्हणून राहिला आणि त्यानंतर विषमज्वरानें मरणाच्या दारीं जाऊन परत आला. त्याच वाड्यांत उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल आणि युवराजाचा मोतद्दार हे दोघे मात्र वांचले नाहींत. संशय वाड्याच्या गटारावर आला. तेव्हांपासून श्रीमंतांना आपल्या पायांखालील भूमीचें भय वाटूं लागलें. लीड्स येथील शल्यवैद्य प्रिजिन टील यानें १८७८ सालीं घरगुती गटारांतील दोषांचें एक सचित्र पुस्तकच काढिलें. जें खणल्याशिवाय दिसत नाहीं, तें त्यानें चित्रांनीं दाखविलें.

येथें एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. गटारांतून येणारी दुष्ट हवा हेंच रोगाचें मूळ, असें त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. एबर्ट यानें १८८० सालीं विषमज्वराच्या जंतूंचें वर्णन केलें, आणि हा रोग दूषित पाण्यानें व अन्नानें पसरतो हें हळूहळू सिद्ध झालें. म्हणजे निदान चुकलें होतें. परंतु फुटका नळ उपटून नवा घालावा हा उपाय योग्यच होता, कारण फुटक्या सांध्यांतून झिरपणारा मैला विहिरीचें पाणी नासवूं शकतो.

जेथें नगराचें भुयारी गटार नाहीं, तेथें नळानें जावें कोठें? फ्रान्समधील व्हेसूल येथील मूरास याच्या बंद टाकीची माहिती १८८१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि एक्झेटर येथें डोनाल्ड कॅमेरन यानें १८९५ च्या सुमारास आपल्या टाकीस ‘सेप्टिक टँक’ हें नांव दिलें. मुंबईंत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत अशा टाकींतील वायूवर एंजिन चालविल्याचा उल्लेख १८९७ सालचा आहे. टाकीची रीत साधी आहे. जड गाळ तळाशीं बसतो, तेलकट साय वर तरंगते, हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळाचा कांहीं भाग पचवितात, आणि मधलें पाणी पुढच्या नळावाटे जमिनींत मुरावयास जातें. ‘कांहीं भाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उरलेला गाळ वेळच्या वेळीं उपसला नाहीं, तर तो पुढच्या नळांत शिरतो व नळ चोंदतो. शिवाय जमीन खचते, उतार मोडतो, झाडांचीं मुळें ओलाव्यासाठीं सांध्यांत शिरतात. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर डांबरांत भिजविलेल्या कागदी लगद्याचे नळ पुष्कळ घरांखालीं घातले गेले. मातीच्या भारानें ते चपटे झाले आणि कांहीं दशकांतच घरमालकांना अंगणें खणून नवे नळ घालावे लागले.

तिकडे अंगणें खणलीं. इकडे आपण काय केलें? टाकी भरली वा नळ चोंदला, म्हणजे माणूस उतरविणें स्वस्त, असा आपला हिशेब. आणि तो माणूस कोणत्या जातीचा असावयाचा, हें हिशेबाच्या आधींच ठरलेलें असे. बंद टाकींत प्राणवायु फार थोडा असतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास त्याचें प्रमाण वाढतांच नाकास कळेनासा होतो. उतरलेला मनुष्य ओरडण्यापूर्वींच कोसळतो, आणि त्यास काढावयास गेलेला दुसराही त्याच्या शेजारीं पडतो. अप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीच्या गोपुरींत मैल्याचें खत करण्याचे व माणसानें मैला वाहण्याची पाळी न आणणाऱ्या शौचकूपांचे प्रयोग केले. २०१३ च्या कायद्यानें साधनांवांचून टाकी वा गटार साफ करविण्यास बंदी केली. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें १९९३ पासून अशा कामांत मेलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावे असें ठरविलें. २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. रक्कम तिप्पट झाली, मृत्यु थांबले नाहींत.

नळास नीट उतार देणें, वरूनच काठी घालतां येईल अशी कुंडी ठेवणें, गाळ यंत्रानें उपसणें आणि मोडका नळ खणून बदलणें, यांत अवघड विद्या कोणतीच नाहीं. टीलच्या वेळीं इंग्लंडांतील श्रीमंतांना जाग आली, कारण मृत्यु त्यांच्याच शयनगृहांत आला होता. आपल्याकडे तो टाकीच्या तोंडाशीं येतो आणि घरांतल्यांना स्पर्श न करितां जातो. म्हणूनच नव्या नळाचा खर्च आपणांस जड वाटतो. तो टाळला म्हणजे नाहींसा होत नाहीं, दुसऱ्या कोणाच्या घरावर पडतो, एवढें विचारी वाचकांनीं ध्यानांत धरावें.